डाव्या कमरेचा विळा

ताराचंदला मारलं ते त्याच्याच वावरात. रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकून झाले होते. आभाळ भरून यायचं आणि न बरसताच कुही गावाकडं निघून जायचं, असे ते दिवस. सांज होत आली होती आणि तो सडकेकडच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कडेच्या धुऱ्यातली खेकड्यांची बिळं बुजवत बसला होता. वाकलेला होता, तेवढ्यात मागून कुणीतरी डोक्यावर पोतं टाकलं, खाली पाडलं आणि उजव्या हातावर काठ्या घातल्या. दुसरीकडं कुठं नाही, हातावरच. मग पावलं वाजत गेली आणि दूर कुठंतरी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

नागपूरच्या दवाखान्यात सळी टाकली. टाके निघाले, पण हात कोपरात वाकेना आणि बोटांची मूठ होईना. भात कालवून दिला तरी डाव्या हातानं घास तोंडापर्यंत नेताना शितं छातीवर सांडायची. कुणी बघत असलं की तो जेवण अर्धंच ठेवून उठायचा. पोलिसांनी सगळं विचारून लिहून घेतलं. पोत्यातून काही दिसलं नाही, असं त्यानं सांगितलं, त्यामुळं कागदावर अनोळखी इसम आले.

कशासाठी मारलं, ते मात्र गावात, पिपरबोडीत, सगळ्यांना ठाऊक होतं. नागपूरला बेसाकडं प्लॉटांचे ले-आउट पाडणारा पियूष नावाचा एक माणूस वर्षभरापासून गावात घिरट्या घालत होता. त्याला सडकेकडची बांधी पाहिजे होती. तिच्यामागचं वावर ताराचंदच्या जुन्या मित्राचं, भैय्याजींचं. मागचं घेऊन उपयोग नव्हता, कारण तिथं जायला वाट पुढच्या बांधीतूनच काढावी लागणार होती. ताराचंदनं त्याला दोनदा नाही म्हटलं आणि तिसऱ्यांदा चहा पाजून वाटेला लावलं. आपणही त्या पियूषला दारातून हाकलून दिलं, असं भैय्याजी चावडीवर सांगायचे.

पाऊस लांबल्यानं रोवणा, म्हणजे धानाची लावणी, अजून व्हायचा होता आणि वावरात जायला बायको मनकर्णेशिवाय कुणी नव्हतं. लेक दामिनी बेसालाच दिलेली. ती फोनवर रडली, म्हणाली, सोडून द्या ते वावर, इकडं या. मनकर्णेनं तिला सांगितलं की इकडं म्हणजे कुठं, जावयाच्या गॅलरीत बसून आम्ही काय करू? आणि फोन ठेवला. पण दुसऱ्या दिवशी पाणी बघायला ती एकटी बांधीवर गेली, तेव्हा तिचं लक्ष पाण्यात नव्हतंच. मागं बगळा उडाला तरी ती दचकायची. वाकायचं आणि वळून बघायचं, वाकायचं आणि वळून बघायचं. दिवसभरात अर्धं काम झालं नाही आणि मान मात्र आखडून गेली.

भैय्याजींनी हे पाहिलं. ते ताराचंदच्या बरोबरीचे. मारुतीच्या देवळामागच्या आखाड्यात दोघं एकाच मातीत लोळले होते. पुढं ताराचंद संसाराला लागला. भैय्याजी आखाड्यातच राहिले आणि गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी काठी शिकवली. मनकर्णेला पाठचा भाऊ नव्हता, म्हणून लग्न होऊन आल्याच्या पहिल्याच श्रावणात तिनं त्यांना राखी बांधली आणि ते कधी चुकलं नाही. दामिनीच्या लग्नात मामा म्हणून तिचा हात धरून तेच बोहल्यापर्यंत आले होते. ताराचंद दवाखान्यातून घरी आल्यापासून ते रोज सकाळी यायचे, तीळतेल कोमट करायला सांगायचे आणि त्याचा हात मांडीवर घेऊन चोळत बसायचे.

एक दिवस हात पुसता पुसता ते म्हणाले, "मनकर्णा, मी तुले काठी शिकवतो."

ती हसली. या वयात, म्हणाली. गुडघे वाजतात माझे.

"मारणाऱ्याले वय दिसत नाही, बाई. त्याले एकटी बाई दिसते."

ताराचंद भिंतीकडं तोंड करून पडला होता. 

दुसऱ्या दिवसापासून घरामागच्या सांदवाडीत शिकवणं सुरू झालं. भैय्याजींनी तिच्या खांद्याच्या उंचीची बांबूची काठी तासून आणली. आधी काठीला हातच लावू दिला नाही, नुसतं उभं राहायला शिकवलं. एक पाय पुढं, एक मागं, टाच किंचित उचललेली. तिच्या पायांना चिखलात वाकून मागं सरकायची सवय होती, पुढं सरकायची नव्हती. ती अडखळायची, साडी पायात यायची. शेवटी तिनं काष्टा खोचला. काठी हातात आल्यावर पहिला फटका तिच्याच नडगीवर बसला आणि टेंगूळ आलं. कुडाच्या फटीतून शेजारच्या बाया बघायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. पाणवठ्यावर कुणीतरी तिला पहिलवान अशी हाक मारली. ती मान खाली घालून घागर भरत राहिली. रात्री खांदे इतके ठणकायचे की कूस बदलता यायची नाही.

पण हळूहळू अंग शिकलं. मनगट धरलं तर धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूनं झटका द्यायचा, तिकडं मूठ उघडी असते. डोक्यावर मारायला जायचं नाही, हात वर गेला की बगल मोकळी पडते. गुडघ्याच्या वाटीवर मारायचं, मोठा गडीही बसतो. आणि मारायच्या आधी ओरडायचं, पोटातून.

"लाजू नको," भैय्याजी म्हणायचे. "बाया लाजतात अन् तिथंच मरतात."

ओरडणं तिला सगळ्यात जड गेलं. पहिल्यांदा नुसता खाकरल्यासारखा आवाज निघाला. मग एक दिवस तिला ताराचंदचा तो सुजलेला हात आठवला आणि अशी किंकाळी बाहेर पडली की कोठ्यातला बैल दावं ओढून उभा राहिला. भैय्याजींनी मान डोलावली आणि पाठीवर थाप मारली. त्या थापेनं तिला रडू आलं. बाप गेल्यापासून असं कुणी तिच्या पाठीवर थाप मारली नव्हती.

काठीपेक्षा सवयी जास्त शिकवल्या त्यांनी. रोज एकाच वाटेनं जायचं नाही. शिदोरी खायला बसलं तर पाठ झाडाला लावून बसायचं. विळा हातात धरून चालायचं नाही, समोरच्याला दिसतो. डाव्या कमरेला साडीच्या आत खोचायचा, म्हणजे उजव्या हातानं सरळ उपसता येतो. पदराच्या टोकाला तिखटाची पुडी बांधायची, सैल गाठ, एका झटक्यात सुटेल अशी. हे सगळं कुणाला सांगायचं नाही, दामिनीला नाही, ताराचंदलासुद्धा नाही. तिनं खरंच कुणाला सांगितलं नाही. सकाळी कोनाड्याकडं तोंड करून ती विळा खोचायची, पुडी बांधायची, आणि वावरात वाकली तरी आता उगाच वळून बघत नव्हती.

पाऊस लागला. ट्रॅक्टरनं बांध्यांत चिखल करून झाला. सिंधूताईच्या टोळीच्या बाया रोवण्याला ठरल्या. सिंधूताई म्हणजे जाड आवाजाची, कमरेवर हात ठेवून बोलणारी बाई. तिच्या बाया दुसऱ्या गावाहून टेम्पोनं यायच्या. आदल्या सांजेला भैय्याजी दारात उभे राहून पावसाकडं बघत म्हणाले की बाया यायच्या आधी बांधीतलं जास्तीचं पाणी उतरवून ठेवलं पाहिजे, रोप तरंगेल नाही तर. तू नाल्याच्या वाटेनं पुढं हो, मी मागून येतो. आणि पऱ्ह्याच्या पेंढ्या डोक्यावर न्यायच्या आहेत, तर काठीचं ओझं कशाला करतेस?

"माही काठी आहे ना संग," ते म्हणाले.

सकाळी झिमझिम होती. पेंढ्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन मनकर्णा नाल्याच्या वाटेनं निघाली. मुळांचा चिखल विरघळून कानामागून मानेवर उतरत होता. नाल्याच्या वळणावर मोहाच्या झाडाखाली कुणीतरी उभं असल्यासारखं तिला वाटलं, पांढरा दुपट्टा दिसला. भैय्याजी माझ्या आधीच आले की काय, असं मनात आलं आणि बरं वाटलं. ती बांधीवर पोचली, टोपलं धुऱ्यावर ठेवलं, पाणी फोडायला खाली बसली.

तिघं होते. बेशरमाच्या झुडपातून निघाले. तोंडाला रुमाल, पायात बूट. ती उठून उभी राहिली, पाय आपोआप जागेवर गेले, एक पुढं एक मागं, आणि उजवा हात डाव्या कमरेकडं गेला.

"डाव्या कमरेले इळा आहे तिच्या," त्यांतला उंच माणूस शांतपणे म्हणाला. "आधी तो काढ. अन् पदर झटकू देऊ नको, तिखट आहे."

मनकर्णेचा हात तिथंच थांबला.

पुढं अनेकदा तिनं हा क्षण आठवला, आणि प्रत्येक वेळी हेच आठवलं की तिला भीती वाटली नव्हती. काहीच वाटलं नव्हतं. नुसतं डोक्यात कुणीतरी शांतपणे विचारत होतं, याले कसं माईत? एकानं मागून येऊन साडीत हात घातला आणि विळा ओढून काढला, पात्यानं तिच्या कमरेची कातडी उसवली. दुसऱ्यानं पदर मुठीत गुंडाळला. शिकलेलं सगळं तिला आठवत होतं आणि त्यातलं काहीच उरलं नव्हतं. उंच माणसानं तिच्या उजव्या खांद्यावर काठी घातली. हाड कड्कन वाजलं.

"नवऱ्याले सांग, कागदावर आंगठा दे म्हणाव. नाही तर पुढच्या टायमाला—"

त्या दुखण्यानं ती भानावर आली. पदर त्याच्या मुठीत होता, तर राहू दे. तिनं पाठीमागं अंग झोकून दिलं. पदर टर्रकन फाटला आणि ती धुऱ्यावरून खाली बांधीत पडली.

तो चिखल तिचा होता. पोटरीपर्यंत गाळ, वर वीतभर पाणी. लहानपणापासून ती असल्या चिखलात वावरली होती. बोटं पसरून पाय टाकायचा, आडवा करून काढायचा, हे कुणी तिला शिकवलं नव्हतं. ज्याच्या हातात पदराचा तुकडा उरला होता तो तिच्यामागं उतरला आणि दुसऱ्याच पावलाला बुटासकट रुतला. बूट ओढायला वाकला. मनकर्णेनं धुऱ्यावरच्या टोपल्यातली पेंढी शाबूत हातानं ओढली. ओल्या मुळांची, पाण्यानं जड झालेली. आणि वाकलेल्या तोंडावर घातली. पुन्हा घातली. त्याच्या डोळ्यांत, नाकात चिखल गेला. काठी सुटली. ती तिनं उचलली आणि डाव्याच हातानं त्याच्या गुडघ्याच्या वाटीवर मारली. तो ओरडत पाण्यात बसला. मग ती ओरडली. पोटातून.

सडकेवर टेम्पो थांबला होता. सिंधूताईनं ती किंकाळी ऐकली आणि बाया तशाच धावत सुटल्या, कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात छत्री. धुऱ्यावरचे दोघं पळाले. तिसरा पळू शकला नाही. सिंधूताई त्याच्या पाठीवर बसली आणि तिनं त्याच्या तोंडावरचा रुमाल ओढला. कुणाच्या ओळखीचा नव्हता.

भैय्याजी त्यानंतर आले. धावत आले. हातात काठी होती, खांद्यावर पांढरा दुपट्टा. "उशीर झाला वं मले," ते म्हणाले आणि तिला उठवायला हात पुढं केला. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. मोहाच्या झाडापासून इथवर यायला किती वेळ लागतो, ते तिला ठाऊक होतं. ती सिंधूताईचा हात धरून उठली.

कुहीच्या सरकारी दवाखान्यात खांदा बांधला, कमरेला टाके घातले. दुपारी ती घरी आली तेव्हा भैय्याजी नेहमीच्या जागी बसले होते, ताराचंदच्या खाटेशी. तेलाची वाटी बाजूला, ताराचंदचा हात मांडीवर. तिला बघून ते उठायला लागले.

"बसा," मनकर्णा म्हणाली. ती स्वतः उंबऱ्यावर टेकली. खांदा ठणकत होता, पण आवाज तिच्या ताब्यात होता. "भैय्याजी, इळा कुठं रायते माहा, हे कोणाकोणाले माईत आहे?"

त्यांचा अंगठा ताराचंदच्या मनगटावर फिरत राहिला.

"मी तर कोणाले सांगतलं नाही. तुमीच म्हटलं होतं, सांगू नको."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. भैय्याजींनी ताराचंदचा हात हळूच खाटेवर ठेवला, दुपट्ट्याला तेल पुसलं. मग जे बोलले ते तिच्याकडं न बघता बोलले. पियूष ऐकत नव्हता. तो माणसं पाठवणारच होता, आज नाही तर उद्या. तिच्याजवळ विळा आहे हे माहीत नसताना ती माणसं आली असती, तिनं विळा उपसला असता, आणि त्यांनी तिला तिथंच चिरलं असतं.

"तुले लागू नये म्हणून सांगतलं मी त्याहिले," ते म्हणाले. "नुसतं भेव दाखवाचं होतं. मी उभा होतो ना तिथं. जास्त होऊ देलं नसतं."

"तुमचं वावर?"

त्यांनी मान खाली घातली. आपलं वावर मागं आहे, पोरं शेती करणार नाहीत, पुढची बांधी सुटल्याशिवाय कुणी हात लावत नाही, असं काहीसं ते पुटपुटले. तिनं नीट ऐकलंही नाही. तिला आठवत होती ती पाठीवरची थाप. ती थाप खोटी नव्हती, हेच तिला सगळ्यात जास्त लागत होतं. ती नीट ओरडली याचा त्या माणसाला खरोखर आनंद झाला होता.

"आता घरी जा तुमी," ती म्हणाली. "अन् या उंबऱ्याच्या आत येऊ नका."

ते उठले. जाताना ताराचंदच्या पायाला हात लावल्यासारखं केलं आणि तिच्या बाजूनं, अंग चोरून, पावसात निघून गेले.

 मग मनकर्णेच्या लक्षात आलं की ताराचंदनं एक शब्द काढला नव्हता. शिवी दिली नव्हती, का म्हणून विचारलं नव्हतं, उठून बसलासुद्धा नव्हता. लहानपणापासूनचा मित्र समोर बसून हे बोलत होता आणि ताराचंद छताकडं बघत होता. 

"तुमाले माईत होतं," ती म्हणाली.

त्यानं डोळे मिटले.

"कवापासून?"

"पोत्यातून आवाज आला होता," ताराचंद म्हणाला. "हात, नुसता हात, असं सांगून राहिला होता तो त्याहिले. मी आवाज ओळखला."

"अन् पोलिसाले?"

"कसा सांगू? तो भैय्याजी आहे, मनकर्णा."

 या माणसानं दिवसामागून दिवस, सकाळी सकाळी, आपला मोडलेला हात त्या हातांत दिला होता. आणि सांदवाडीत तिच्या पावलांचा आवाज ऐकत पडून राहिला होता.

"मी त्याच्यापाशी शिकून राहिली होती. त्याच्या भरवशावर वावरात जाऊन राहिली होती. तवाही नाही सांगतलं तुमी मले?"

"मले वाटलं, पस्तावला तो," ताराचंद म्हणाला. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं वाहत होतं. "रोज येते, हात चोळते, तुले शिकवते. म्हटलं, पस्तावला. आता काही करणार नाही."

"अन् नसंल पस्तावला तर?"

 उत्तर तिच्या खांद्याला बांधलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णा सिंधूताईला घेऊन कुहीच्या ठाण्यात गेली. बाया तिकडं बांधीत रोवणा करत होत्या. तो थांबवून चालणार नव्हता, पऱ्हे पिवळे पडले असते. ठाण्यातल्या बाकड्यावर बसून तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. बायांनी पकडून दिलेल्या माणसानं पियूषचं नाव रात्रीच घेतलं होतं. जमादारानं विचारलं, अजून कुणावर संशय? तिनं सांगितलं, संशय नाही, माहीत आहे. भैय्याजींचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, तिनं सावकाश उच्चारलं, म्हणजे लिहायला चूक होऊ नये. मग ते वाचून दाखवायला सांगितलं आणि खाली सही केली. खांदा बांधलेला असल्यानं सही वाकडी आली.

येताना ती आधी बांधीवर उतरली. अर्धी बांधी हिरवी झाली होती. वाकता येत नव्हतं, म्हणून ती धुऱ्यावर उभी राहून बायांना पेंढ्या टाकत राहिली. जिथं ती पडली होती तिथंही रोप लागलं होतं, जागा ओळखू येत नव्हती. कुडाच्या फटीतून हसणाऱ्या दोघी गावातून आपणहून आल्या होत्या. त्यांच्यातली एक कंबर सरळ करून म्हणाली की पोरीला शिकवशील का ते, काठीचं. मनकर्णा म्हणाली, खांदा बरा होऊ दे, मग पाहू.

घरी पोचली तेव्हा ताराचंद दारातच बसला होता. बऱ्याच वेळाचा बसला असावा. त्यानं तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता, डाव्या हातानं, त्यामुळं उंबऱ्यावर पाणी सांडलेलं होतं. तिनं तांब्या घेतला, पाय धुतले.

"घेतलं नाव त्याचं?" त्यानं विचारलं.

"घेतलं."

 रस्त्यावरून कुणाची तरी बंडी गेली. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "अन् माह्यं?"

मनकर्णेनं तांब्या पालथा ठेवला.

"तुमचं काय घेऊ?" ती म्हणाली. "तुमी तं काहीच केलं नाही."

आणि ती चूल पेटवायला आत गेली.